मुलीच्या हिरडीवर मांसाचा गोळा आलाय, कुणाला अनुभव आहे का?

शमीची_शेंग | ११ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आरोग्याच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक १३ वर्षांची, आठवीत. फेब्रुवारीत तिच्या वरच्या पटाशीच्या दाताच्या आणि शेजारच्या दाताच्या मधल्या हिरडीवर तुरीच्या डाळीएवढं काहीतरी दिसलं. दुखत नव्हतं म्हणून तिनंही सांगितलं नाही आणि मलाही परीक्षेच्या गडबडीत दिसलं नाही. आता ते चांगलं शेंगदाण्याएवढं झालंय. रंग हिरडीसारखाच, टोकाला जरा लाल. ब्रश लागला की रक्त येतं. हसताना दिसतं म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता उडवतो." मी घाबरून उठले. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले, वयात येताना हार्मोन्समुळे होतं, थांबा, जाईल. नणंदेनं फोनवर थेट कॅन्सरच काढला. तीन दिवस झोप नाही. कुणाच्या मुलांना असं झालंय का? आम्ही साताऱ्याजवळ राहतो, पुण्याला जायची तयारी आहे.

---

तिरकस | ११ जून, रात्री ११:५२

फोटो टाका म्हणजे कळेल.

---

माळावरची | १२ जून, सकाळी ७:१०

शमी, आधी श्वास घे. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी हिरडीवर पिवळट फोड आला होता, दाढेच्या वर. दाबला की पू यायचा, बसायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा हजर. आम्ही अँटिबायोटिकचे तीन कोर्स केले. शेवटी कळलं की फोड हिरडीचा नव्हताच, दुधाच्या दाढेला आतून कीड लागून मुळाशी पू झाला होता आणि तो हिरडीतून वाट काढत होता. "दुधाचीच दाढ आहे, पडेल की," असं आम्ही सगळे म्हणत होतो. ती दाढ पडायचं वय दहा-अकरा! तोवर पू कसा ठेवायचा? दाढ काढली, जागा राखायला तारेची चाप बसवली, फोड कायमचा गेला.

तुझ्या लेकीचं वर्णन मात्र वेगळं वाटतंय.

---

खडूस_काका | १२ जून, सकाळी ९:२५

आमच्या लहानपणी चामखीळ असो की गाठ, घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधायचे. आठ दिवसांत गळून पडायची. डॉक्टरांची फी वाचते. नाहीतर तुरटी लावा.

---

तिरकस | १२ जून, सकाळी ९:३१

काका, साताऱ्यात घोडा कुठून आणायचा तेही सांगा.

---

दाढेखालचा | १२ जून, दुपारी ३:०५

मी दंतवैद्य आहे, हिरड्यांच्याच विभागात काम करतो. इथे निदान करणार नाही, तोंडात पाहिल्याशिवाय कुणीच करू नये. पण माहिती देतो, कारण या धाग्यावर कॅन्सरपासून घोड्यापर्यंत सगळं येऊन गेलंय.

तिरकस, पोरीचा फोटो मागू नका. शमीताई, टाकूही नका.

काका, केस बांधण्याबद्दल आधी बोलतो, कारण ते खरंच धोक्याचं आहे. मुलांच्या हिरडीवरची प्रत्येक गाठ मांसाचीच असते असं नाही. काही गाठी रक्तवाहिन्यांच्या जाळ्याच्या असतात. तिला केस बांधला किंवा सुईनं टोचलं, तर घरात रक्त थांबवता येणार नाही. अशा गाठीवर बोटानं दाबलं की ती फिकी पडते, सोडलं की पुन्हा भरते. आम्ही सुरी हातात घेण्याआधी हे पाहतो. आणि गाठ गळून पडली तरी ती कशाची होती हे कायमचं कळत नाही, ते वेगळंच.

आता मूळ प्रश्न. दोन दातांच्या मधून वर आलेली, दुखत नसलेली, काही महिन्यांत हळूहळू वाढलेली एकच गाठ. या वयात अशी गाठ बहुतेक वेळा हिरडीला सतत होणाऱ्या त्रासाला दिलेलं उत्तर असतं. त्रास कसला? किटण, तिरका दात, जुन्या फिलिंगची धार, दातांच्या तारा, अडकलेलं कणासारखं काहीतरी. वयात येतानाची संप्रेरकं त्यात तेल ओततात. म्हणजे तुमचे दुसरे डॉक्टर अर्धे बरोबर आहेत. पण नुसत्या संप्रेरकांनी हिरड्या सगळीकडून सुजतात. एका जागी शेंगदाणा उगवला असेल तर तो आपोआप जाईल यावर मी भरवसा ठेवणार नाही.

या गाठींना पूर्वी सरसकट एप्युलिस म्हणायचे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नुसता "हिरडीवरचं". म्हणजे रुग्णाला जे आरशात दिसलं तेच डॉक्टरांनी ग्रीकमध्ये सांगायचं! आता त्यात वेगवेगळे प्रकार करतात. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा लालभडक, मऊ, हात लावताच रक्त. (नावात पू आहे, गाठीत नसतो. चुकीचं नाव शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे.) पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा जांभळट-निळसर. पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा जरा घट्ट, हिरडीच्याच रंगाचा, आणि तो नेमका १० ते १९ या वयात, मुलींमध्ये जास्त, वरच्या पुढच्या दातांशी जास्त दिसतो. साधा फायब्रोमा, म्हणजे तंतूंची गाठ, हाही असतो, गुळगुळीत आणि सुस्त. हे सगळे कॅन्सर नाहीत. नणंदबाईंना कळवा.

पण रंगावरून ओळखणं हा अंदाज असतो, माझाही चुकतो. म्हणून काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जायलाच हवा. "दहा मिनिटांत उडवतो" यात मला दहा मिनिटांचा राग नाही, तेवढाच वेळ लागतो. तुकड्याचं पुढे काय करणार, हे त्यांनी सांगितलं का?

---

शमीची_शेंग | १२ जून, रात्री १०:१५

नाही, काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, मला सुचलंच नाही. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आज जेवले मी दोन घास.

एक कबूल करते. रक्त येतं म्हणून मीच तिला सांगितलं होतं की त्या जागी ब्रश फिरवू नकोस, मिठाच्या पाण्यानं चुळा भर. चार महिने ती तिथे ब्रश करत नाहीये. त्यानं वाढलं का?

---

दाढेखालचा | १२ जून, रात्री १०:५०

तुम्ही एकट्या नाही, दहातले आठ पालक हेच करतात. रक्त आलं की ब्रश बंद, ब्रश बंद झाला की तिथे थर साचतो, थरामुळे हिरडी आणखी सुजते, मग आणखी रक्त. मऊ ब्रश घेऊन उद्यापासून सुरू करा. थोडं रक्त येईल, येऊ द्या. मिठाच्या चुळा चालतील, पण त्यांनी थर निघत नाही.

घरात कुणी मशेरी लावत असेल तर ती मुलीच्या हाती जाऊ देऊ नका. तुमच्याकडे नसेलही, पण आमच्याकडे "हिरड्या घट्ट होतात" म्हणून आज्ज्या नातींना देतात. ती भाजलेली तंबाखू आहे, औषध नाही.

---

रानभूल | १३ जून, सकाळी ८:४०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारतो. मुलगा ९ वर्षांचा, फिट येतात म्हणून दीड वर्षापासून फेनिटॉइन चालू आहे. फिट आटोक्यात आहेत. पण हिरड्या इतक्या वाढल्यात की पुढचे दात अर्धे झाकलेत. शाळेत पोरं चिडवतात. गोळी बंद केली तर हिरड्या खाली येतील का?

---

दाढेखालचा | १३ जून, दुपारी २:२०

रानभूल, गोळी स्वतःहून बंद करू नका. हे वाक्य दोनदा वाचा. अचानक बंद केली तर फिट थांबता थांबणार नाहीत अशी वेळ येऊ शकते, ते हिरडीपेक्षा कितीतरी वाईट.

आता खुलासा. फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांच्या हिरड्या वाढतात. सुरुवात पहिल्या दोन-तीन महिन्यांत, दोन दातांमधल्या टोकांपासून आणि जास्त करून पुढच्या दातांशी. मुलांत आणि किशोरांत जास्त. मूत्रपिंड बदललेल्या मुलांना देतात त्या सायक्लोस्पोरिननंही होतं, आणि रक्तदाबाच्या निफेडिपिन, अॅम्लोडिपिननंही. औषधामुळे हिरडीतल्या तंतूंची घडणमोड बिघडते, पण किती वाढ होणार हे बऱ्याच अंशी दातांवरच्या थरावर ठरतं. म्हणून क्रम असा: आधी स्वच्छता आणि दर तीन महिन्यांनी सफाई. सोबत मेंदूविकारतज्ज्ञांना विचारायचं की दुसरं औषध चालेल का. आता बरेच पर्याय आहेत, ज्यांनी हिरडी वाढत नाही. औषध बदललं तर काही महिन्यांत सूज बरीच उतरते. उरली तर कापून आकार देता येतो. पण तेच औषध, तीच अस्वच्छता राहिली तर पुन्हा येते. आमच्याकडे तिसऱ्यांदा कापायला आलेली मुलं येतात.

---

रानभूल | १३ जून, दुपारी ४:०५

दीड वर्षात एकाही डॉक्टरनं हे सांगितलं नाही हो. मेंदूवाले हिरडी बघत नाहीत, दातवाले गोळ्या विचारत नाहीत. पुढच्या आठवड्यात दोघांच्या फायली एकमेकांना दाखवतो. आभारी आहे.

---

ओली_भेळ | १३ जून, संध्याकाळी ६:३०

बाळाच्या हिरडीबद्दल विचारलं तर चालेल का? ५ आठवड्यांची मुलगी आहे. वरच्या हिरडीवर मोत्यासारखे दोन पांढरे दाणे. सासूबाई म्हणतात वरचे दात आधी येतायत, मामाला जड. माझा भाऊ दुबईत, त्याला फोन करून सांभाळून राहायला सांगितलंय त्यांनी.

---

माळावरची | १३ जून, संध्याकाळी ६:४४

भावाला विमा काढून ठेव म्हणावं. ;)

---

दाढेखालचा | १३ जून, रात्री ९:३०

मामा सुखरूप राहतील. नवजात बाळांच्या हिरडीवर असे दाणे खूप सामान्य आहेत. दात बनवणाऱ्या पेशींचे उरलेले कण, त्यात केराटिन (नखा-केसांत असतं ते प्रथिन) साचतं. पहिल्या काही महिन्यांत आपोआप फुटून जातात. नखानं खरवडू नका, फडक्यानं घासू नका, मध लावू नका. (एका वर्षाच्या आत मध तसाही नको.)

आणि जेल! दात येतानाच्या बधिर करणाऱ्या जेलमध्ये बेन्झोकेन असेल तर दोन वर्षांखालच्या मुलांना नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली तसा स्पष्ट इशारा दिलाय, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्यानं अचानक घटू शकते. तोंड आल्यावर लावतात त्या सॅलिसिलेटच्या जेलनाही ब्रिटननं २००९ पासून १६ वर्षांखाली मनाई केलीय. आपल्याकडे दोन्ही सहज मिळतात, म्हणून नळीवरची बारीक अक्षरं वाचा.

---

धुकं | १४ जून, पहाटे ३:१५

लीड्सहून. माझ्या ११ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या हिरडीवर लालभडक मखमली चट्टा होता, नखाएवढा. सगळे म्हणायचे नीट ब्रश करत नाही. आम्ही आठ महिने त्याच्यावर ओरडत होतो, इलेक्ट्रिक ब्रश, महागडं माउथवॉश, सगळं झालं. चट्टा तसाच. शेवटी बायोप्सीत निघालं जुवेनाइल स्पॉन्जिऑटिक जिंजायव्हल हायपरप्लेसिया. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, या विकाराला स्वतंत्र नाव मिळालंच २००७ मध्ये, आणि तो ब्रश न केल्यानं होत नाही. दुखत नाही, धोका नाही, बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. पोराला सॉरी म्हटलं. त्यानं त्याची किंमत म्हणून व्हिडिओ गेम वसूल केला.

---

सांजवात | १४ जून, सकाळी ११:००

लिहू की नको असं वाटत होतं. शमीताई, हे तुमच्यासाठी नाही, तुमच्या मुलीचं वर्णन पूर्ण वेगळं आहे. पण धागा इतर लोकही वाचतील.

माझा पुतण्या १५ वर्षांचा होता. तीन आठवड्यांत सगळ्याच हिरड्या सुजल्या, दात बुडायला लागले, रात्री उशीला रक्त. अशक्त, पांढराफटक, अधूनमधून ताप, पायावर मार न लागता निळे डाग. एका दवाखान्यात सफाई करून पाठवलं, रक्त दोन दिवस थांबेना. दुसऱ्या डॉक्टरांनी तोंड पाहिल्याबरोबर दुसरं काही न करता सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करायला पाठवलं. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होता. उपचार लगेच सुरू झाले. आज तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

त्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, "बाळा, जिना चढताना दम लागतो का?"

---

दाढेखालचा | १४ जून, दुपारी १:१०

सांजवात, लिहिलंत हे फार बरं केलंत. फरक नेमका हाच आहे. एका जागची, महिन्यांच्या गतीनं वाढणारी, मूल बाकी ठणठणीत: सवडीनं दाखवा, पण दाखवा. सगळीकडची सूज, आठवड्यांच्या गतीनं, सोबत ताप, फिकेपणा, निळे डाग, न थांबणारं रक्त: त्याच दिवशी सीबीसी. तान्ह्या मुलाचे दात काही कारण नसताना हलायला लागले आणि हिरडी सुजली तरीही थांबायचं नाही.

लहानांमध्ये अजून एक वरचेवर दिसतं. एक ते पाच वर्षांचं मूल, दोन दिवस कडक ताप, मग हिरड्या लाल सुजलेल्या, तोंडभर बारीक फोड, लाळ गळतेय, पाणीसुद्धा नको. हा नागिणीच्या भाऊबंदातला विषाणू, हर्पिसचा पहिला हल्ला. दहा ते चौदा दिवसांत बरा होतो. खरी लढाई पाण्याची. गार ताक, पेज, बर्फाचा गोळा, जे घेईल ते. आठ तास लघवी नाही झाली तर दवाखाना गाठा. पहिल्या तीन दिवसांत दाखवलं तर विषाणूचं औषध उपयोगी पडतं. आणि त्या दिवसांत बाळाचे पापे घेणं बंद.

---

शमीची_शेंग | २१ जून, रात्री ९:००

पुण्याला जाऊन आलो. हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरीण होत्या, वयानं तरुण, पण लेकीशीच बोलल्या, माझ्याशी नंतर. गाठ दाबून पाहिली, छोटा एक्स-रे काढला, रक्त तपासलं. आधी नुसती सफाई केली आणि आठवडा थांबायला सांगितलं, म्हणजे सूज उतरून गाठीची खरी हद्द दिसते. टोकाची लाली खरंच गेली! गाठ मात्र तेवढीच.

काल काढली. बधिर करायचं इंजेक्शन तेवढं दुखलं म्हणाली. मुळापर्यंत खरवडून काढावं लागतं, कारण ही गाठ दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंमधून उगवलेली असू शकते आणि वरवर छाटली तर परत येते, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. वर गुलाबी लेप लावलाय. मी विचारलंच, "तुकडा कुठे पाठवणार?" त्या हसल्या आणि बाटली दाखवली.

---

दाढेखालचा | २१ जून, रात्री ९:४५

बाटलीत फॉर्मॅलिन होतं ना? विचारतो अशासाठी, की आमच्याकडे लोक सलाइनमध्ये, कापसात, एकदा तर काडेपेटीत तुकडा घेऊन आलेत. सलाइनमध्ये पेशी खराब होतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही.

---

शमीची_शेंग | २८ जून, संध्याकाळी ७:२०

फॉर्मॅलिनच होतं. रिपोर्ट आला: पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा. तुम्ही लिहिलेल्यातलाच. "ऑसिफाइंग" म्हणजे आत हाडासारखे कण तयार झालेत, म्हणून घट्ट होता. कॅन्सर नाही, पुढे तो होतही नाही. पण पुन्हा येऊ शकतो, अशा १०० गाठींत ८ ते २० परत येतात म्हणे, म्हणून वर्षभर तीन-तीन महिन्यांनी दाखवायचंय. हिरडी तिथे थोडी वर सरकलीय, दात जरा लांब दिसतो. तिला ते लागलंय. डॉक्टर म्हणाल्या, या वयात बरंचसं भरून येतं, नाही आलं तर नंतर बघू.

नणंदेला रिपोर्ट पाठवला. तिचं उत्तर: "तरी काळजी घे." असो.

---

खडूस_काका | २८ जून, रात्री ८:०५

अभिनंदन. लेकीला आशीर्वाद. घोड्याचं मागे घेतो. तुरटीचं नाही.

---

पायवाट | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

धागा वर काढतेय. मुलगा साडेसहा वर्षांचा. खालच्या शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे निळा-जांभळा फुगा आलाय, द्राक्षाएवढा. चावताना टोचतो म्हणतो. हा धागा वाचून जांभळट म्हणजे जायंट सेल का, या विचारानं पोटात गोळा आला.

---

दाढेखालचा | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

वय आणि जागा दोन्ही पहिल्या कायमच्या दाढेची आहे. दात वर येताना त्याच्या डोक्यावर द्रव साचतो, त्यात थोडं रक्त उतरलं की निळा दिसतो. बहुतेक वेळा दात स्वतःच तो फोडून बाहेर येतो, काही करावं लागत नाही. तीन-चार आठवड्यांत फुटला नाही, किंवा ताप आला, पू दिसला, तर दाखवा. टोचू नका. जवळ बालदंततज्ज्ञ असतील तर एकदा नजर घालून घ्या, तुमच्या झोपेसाठी.

---

पायवाट | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

काल भाकरी खाताना फुटला. थोडं रक्त आलं, तो घाबरला, मग आरशात पाहून ओरडला, "आई, दात!" एक पांढरं टोक दिसतंय.